एक चकती, एक पाव

२ फेब्रुवारी

भट्टी पेटली. धूर धुराड्यातूनच गेला, खोलीत आला नाही, याचं श्रेय गवंड्याला. बाकीचं श्रेय माझं. बाहेर असं बोलणार नाही, पण इथं लिहायला काय हरकत आहे?

शहरातला फ्लॅट विकून आलेली सगळी रक्कम भट्टीत, पिठाच्या कोठीत आणि भांडारातल्या मालात गेली. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. ठेवलं असतं तर इतरांना कोणत्या तोंडानं म्हणणार होते की आपापला वाटा घाला? इतकी घरं एकत्र राहायची, एकत्र कमवायची, तर एकाचा पाय उंबऱ्याबाहेर असून चालत नाही.

सुतारानं चकत्या आणून दिल्या. जुन्या दारांच्या फळ्यांतून कापलेल्या, गुळगुळीत घासलेल्या, मधोमध तापल्या सळईनं उठवलेली गव्हाची ओंबी. वसाहतीत मजुरी चकत्यांत, भांडारातलं सामान चकत्यांत, केस कापणं, कपडे शिवणं, सगळं चकत्यांत. बाहेरचे पैसे फक्त बाहेरून माल आणायला. आणि चकतीच्या पाठीशी काय? पाव. कुणीही भट्टीच्या खिडकीत एक चकती ठेवावी आणि एक पाव घेऊन जावा. कॉलेजात अर्थशास्त्राच्या सरांनी नोटांमागच्या सोन्यावर अख्खा आठवडा घेतला होता. मला तेव्हाही वाटलं होतं, सोनं काही खाता येत नाही.

धाकटीनं पहिला पाव माझ्या हातात दिला. बहीण म्हणून नव्हे, वसाहतीत वयानं मोठी म्हणून. टाळ्या झाल्या. लोक पांगल्यावर हात पुसत म्हणाली, "अक्का, तू थोडे पैसे बाजूला ठेवायला हवे होतेस."

"कशासाठी?"

"असंच. माणसाचं काय सांगावं. उद्या मीच जर—"

"उद्या तू पहाटे उठून पीठ मळणार आहेस. लवकर झोप."

हसली. लहानपणापासून घाबरट. तिच्या हातात मात्र जादू आहे. मला पीठ कळत नाही, मला माणसं कळतात. भट्टी ती बघते, भांडार मी; दोघींचं मिळून बरं चाललंय.

११ फेब्रुवारी

नवं कुटुंब आलं म्हणून सभेत नियम वाचून दाखवले. दोनच आहेत. पहिला, चकती कुणी नाकारायची नाही. दुसरा, जो समोर नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही.

दुसरा माझा. याआधी भाड्याच्या घरांत आमचं असंच एक मंडळ होतं. ते पैशापायी नाही मोडलं, कुजबुजीपायी मोडलं. जिन्यात, गच्चीत, नळापाशी, जो उठला त्याच्या पाठीवर दहा जणांची बोटं. इथं ज्याला जे सांगायचंय ते त्याच्या तोंडावर सांगावं.

सुतार म्हणाला, "कौतुक केलं तर चालेल ना बाई?"

"तेही तोंडावर करा. त्याला ऐकायला मिळेल."

"आणि माझी सासू वारलीय, तिच्याबद्दल?"

"ती परवानगी देत असेल तर खुशाल."

सभा खो-खो हसली. मीसुद्धा थोडी हसले. चुकीची सवय लावायची नाही म्हणून लगेच पुढचा विषय घेतला.

२७ फेब्रुवारी

बाजारपेठेत आपल्या पावाचं नाव झालंय. तिथल्या चहाच्या दुकानाची मालकीण आज स्वतः भट्टी बघायला आली. अंगावर सोन्याचं काही नाही, पण चाल मालकिणीची. धाकटीशी बराच वेळ बोलत बसली. पिठाची गाडी आल्याचा निरोप मी दोनदा पाठवला तेव्हा कुठं बाई उठल्या. मोठी मागणी येणार असं दिसतंय. धाकटीला विचारलं तर म्हणाली, "बघू." तिला कशाचाच उत्साह नसतो.

१५ मार्च

माळीण भांडारात आली. भाजीचे वाफे तिच्याकडे आहेत, एरवी चिखलाच्या पायांनी आत येऊ नका म्हणून मी ओरडते. आज पाय धुऊन आली होती, तेव्हाच ओळखलं की काहीतरी मागायचंय.

"बाई, धाकट्या ताईंचं जरा—"

"धाकटी आहे का इथं?"

"नाही, भट्टीवर आहेत, पण—"

"मग भट्टीवर जा आणि तिच्याशी बोला."

"त्यांच्याशी बोलूनच आलेय. तुमच्याच भल्याचं आहे हो."

"नियम माझ्या भल्यासाठी मोडायचा का?"

तिनं रॅककडे बघितलं. मग म्हणाली, "बरं, साबण द्या."

"किती?"

"आहेत तेवढे."

एवढ्या साबणाचं करणार काय, असं विचारायचं ओठावर आलं होतं. पण गिऱ्हाइकाला कारण विचारू नये. दिले.

२८ मार्च

आज मन भरून आलंय, म्हणून लिहिते. चकती रुळली.

सुरुवातीला लोक चकत्या डब्यात साठवायचे. मी बोलून बोलून घसा बसवला की पैसा साठवण्यासाठी नसतो, फिरण्यासाठी असतो, थांबला की कुजतो. आता बघा. चकती कुणाच्या हातात टिकत नाही. संध्याकाळी मजुरी झाली की सकाळी माणूस भांडारात हजर. तेल, साखर, खिळे, सुतळी, मागतील ते. आज रांग दाराबाहेर गेली होती. ज्यांना ओट्यावर बसून गप्पा मारायची सवय ते सुद्धा पिशव्या घेऊन उभे. न्हावी तर डब्यातली जुनी साठवण काढून घेऊन आला. मी त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्याच्या तोंडावरच. तो खाली बघत राहिला. लाजाळू माणूस.

जमलेल्या चकत्यांना गल्ला पुरेना, म्हणून पाण्याचं जुनं पिंप पुसून आत ठेवलंय. सर असते तर त्यांना दाखवलं असतं.

बाहेरून माल आणायला रोख कमी पडतेय, पण बाजारपेठेची मागणी आली की भरून निघेल.

६ एप्रिल

सुताराकडे भांडारासाठी दोन नव्या फळ्या सांगितल्या होत्या. अजून नाहीत. वेळ नाही म्हणाला. चकत्या आगाऊ देते म्हटलं तर घाईघाईनं, "नको नको, राहू द्या, घाई काय." चकती नाकारायची नाही हा नियम आहे, पण त्यानं नाकारली असं म्हणता येणार नाही, काम नाकारलं. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

मग ओट्यावर टेकून म्हणाला, "बाई, एक गोष्ट सांगू? समजा एक गाव आहे. तिथं एक भट्टी आहे. आणि समजा, भट्टीवर एक बाई—"

"अहो, फळ्या करायला वेळ नाही आणि गोष्टी सांगायला आहे?"

"छोटीशी आहे हो."

"सभेत सांगा. सगळ्यांनाच ऐकू दे."

"सभेत ती बाई असते ना."

"मग तर फारच छान."

त्यानं कपाळावर हात मारला. मोठ्यानं हसला, पण डोळे हसले नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. बायकोशी भांडला असावा. जाताना तेलाचे डबे घेऊन गेला, दोन्ही खांद्यांवर.

१२ एप्रिल

दुपारी धाकटी आली आणि तांदळाच्या पोत्यावर बसली. भट्टीच्या वेळात तिनं यायचं कारण नव्हतं. पीठ फुगायला ठेवलंय म्हणाली.

"अक्का, तुला कधी कंटाळा येतो का गं?"

"कशाचा?"

"उठायचा. तेच तेच करायचा."

"रात्री दूध घेत जा. तुझ्या अंगात रक्त नाही, मी कधीची सांगतेय."

ती उठली, रॅकवरच्या बरण्या सरळ करायला लागली. सरळच होत्या. मी नव्या मालाची यादी वाचून दाखवली, कशाकशाचा तुटवडा आहे ते सांगितलं, भट्टीला अजून एक माणूस द्यायचा विचार पावसाळ्यानंतर करू म्हटलं. ऐकत होती की नाही कोण जाणे. मग एकदम माझा हात धरला. पिठाचा हात माझ्या बाहीला लागला.

"सगळ्यांना माहितेय, अक्का."

"काय?"

माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू किती राबतेस ते."

बरं वाटलं. या घरात कौतुकाचा शब्द मिळणं दुर्मीळ. बाही झटकली आणि तिला म्हटलं, पीठ उतू जाईल, पळ.

२ मे

भट्टी थंड आहे.

सकाळी खिडकीपाशी पाचसहा जण उभे होते. कुणाच्याही हातात चकती नव्हती. ते पाव घ्यायला आले नव्हते, बघायला आले होते. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

धाकटीची खोली झाडून पुसून रिकामी. गादीची वळकटी केलेली. पीठ फुगवायच्या खमिराची बरणी ओट्यावर ठेवली होती, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून. तिच्या वाट्याचा कागद, भट्टीची किल्ली, फडकी, सगळं जागच्या जागी. तिनं काहीच नेलं नाही. नेलं असतं तर बरं झालं असतं. चोर म्हणता आलं असतं.

मी अंगणात येऊन विचारलं, "कुठं गेली?"

सुतार माझ्याकडे बघत होता. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे. बोला."

"ती समोर नाही, बाई," तो म्हणाला.

थट्टा नव्हती. तो खरंच विचारत होता, बोलू का म्हणून. मी त्याला म्हटलं, बोला. मग सांगितलं. चहाच्या दुकानाच्या मालकिणीनं मागच्या बाजूला भट्टी बांधलीय. महिन्याचा पगार. आठवड्याची सुट्टी. वर राहायला खोली.

भांडार उघडलं नाही. ही पहिलीच वेळ.

३ मे

बाजारपेठेत गेले. रांगेत उभी राहिले. माझा नंबर येईपर्यंत कुणाला पुढं जाऊ दिलं नाही, आणि कुणाच्या पुढं गेले नाही.

ती काउंटरच्या मागं होती. डोक्याला निळा रुमाल. एका गिऱ्हाइकाशी काहीतरी बोलून हसली, मान मागं टाकून, मोठ्यानं. हे हसू आम्ही कधी पाहिलं नाही. इतकी वर्षं एकत्र राहून आमच्या वाट्याला ते दिलं नाही, आणि इथं कुठल्या कोण माणसाला सुट्ट्या पैशांबरोबर दिलं.

"अक्का."

"एक पाव. किती झाले?"

"तुझ्याकडून कसले घेऊ?"

"इथं चकत्या चालत नाहीत. मग किती ते सांग."

तिनं किंमत सांगितली. मी पैसे मोजून ठेवले. तिनं उचलले नाहीत.

"मी सांगायला आले होते," ती म्हणाली. "पोत्यावर बसले होते बघ."

"बसली होतीस. बोलली नाहीस. तोंड कुणी शिवलं होतं?"

"तू मला दूध प्यायला सांगितलंस."

मागचे लोक चुळबुळ करायला लागले होते. ती पुढं वाकली. "माझं वाक्य तुझ्यासमोर कधी पूर्ण झालंय का, अक्का? म्हणून मी बाकीच्यांना सांगितलं. माळीणबाईंना, सुतारदादांना, न्हाव्याला. मार्चमध्येच. म्हटलं, एवढ्यांत एक तरी तुझ्या कानावर घालेल. तुला वेळ मिळेल. दुसऱ्या कुणाला भट्टीवर शिकवता येईल. मी रोज वाट बघायची, आज तू येऊन माझ्यावर ओरडशील."

"नियम आहे आपला."

"ठाऊक आहे. पण माणसं इतका पाळतील असं वाटलं नव्हतं."

"आणि भट्टी? मी घर विकून बांधली ती?"

"तुला हवी होती ती भट्टी. मला पाव भाजता येतो, एवढंच." मग हळूच, "वरची खोली मोठी आहे. दोन खाटा बसतील. येतेस?"

मी पाव उचलला आणि बाहेर आले. मागून तिनं हाक मारली. थांबले नाही.

फुटपाथवर उभी राहून पावाचा तुकडा तोडला. चांगला आहे. आमच्यापेक्षा चांगला आहे. म्हणजे हाही हात तिनं राखून ठेवला होता.

४ मे

मार्चमध्ये सांगितलं. हा एक शब्द रात्रभर चावत होता.

सकाळी भांडारात गेले आणि उभी राहून नीट बघितलं. रॅकवर उरलेत झाडू, मेणबत्त्या आणि कुणालाच न आवडलेला तो हिरवा रंग. साखरेचा डबा रिकामा. तेल नाही. साबणाची खोकी उलटी करून ठेवलीत. आणि कोपऱ्यात पिंप, काठोकाठ चकत्या.

माझी चकती रुळली होती!

भट्टी थंडावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पावाशिवाय चकती म्हणजे लाकडाचा तुकडा, हेही ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं. मला सांगता येईना, तर निदान पिशवी घरी ठेवायची होती. नियम त्यांनी तोंडानं पाळला आणि हातांनी माझं भांडार रिकामं केलं. माझ्या म्हातारपणाचं तेल सुताराच्या माळ्यावर आहे. माझे साबण माळिणीच्या ट्रंकेत आहेत. न्हाव्याचं मी कौतुक केलं होतं!

धाकटी गेली, ते एकवेळ समजा एका माणसाचं जाणं. हे लोक कुठंच गेले नाहीत. रोज येऊन "कशा आहात बाई" म्हणत होते.

नियम चुकलेला नाही. माणसं चुकलीत.

५ मे

सभा. मी पिंप ढकलत नेऊन मधोमध ठेवलं. कुणी मदतीला उठलं नाही, उठलं असतं तरी मी मदत घेतली नसती.

न्हावी उभा राहिला. "झालं ते झालं. चकती बंद करू. सगळे विसरून जाऊ आणि पुन्हा—"

"विसरायला माझ्याकडे जागा नाही. पिंप भरलंय."

न्हावी खाली बसला.

माळीण रडायला लागली. "मी आले होते बाई. तुम्ही बोलू दिलं नाहीत."

"साबणही मीच तुमच्या पदरात बांधले का?"

"घरात पाच तोंडं आहेत. काय करणार होते मी?"

"माझ्या घरात एकच आहे. त्याचं काय करायचं ठरलं होतं?"

तिनं डोळे पुसले नाहीत, तशीच बसून राहिली. सुतार म्हणाला, "मी गोष्ट सांगायला आलो होतो."

"आणि तेल घेऊन गेलात."

"हो," तो म्हणाला. "नेलं. घाबरलो होतो." पुढं काही विनोद करेल म्हणून सगळे थांबले. त्यानं केला नाही.

कुणीतरी मागून म्हणालं, तो दुसरा नियम काढून टाका आधी. मी म्हटलं, नियम तुम्हाला चोरी शिकवत नव्हता. त्यावर एक बाई पुटपुटली, विकत घेतलं, चोरी कशी? बरोबर आहे. विकत घेतलं. म्हणूनच तर मी उभी होते.

"एक चकती, एक पाव," मी म्हटलं. "हे तुम्ही सगळ्यांनी हात वर करून मान्य केलंय. चकत्या माझ्याकडे आहेत. सगळ्या. पाव आणा."

"कुणाला येतो भाजता?" न्हावी म्हणाला.

"मला नाही येत. मी खाणार आहे."

चकती बंद होणार नाही. मी बंद करू देणार नाही. बंद झाली तर मी फसवली गेले एवढंच उरतं. चालू राहिली तर हे सगळे माझं देणं लागतात. फरक आहे. सभा मोडली तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

९ मे

धाकटीचा निरोप आला, खमिराला रोज एक मूठ पीठ घालत जा, नाहीतर मरेल. मालकिणीच्या पोऱ्यानं सांगितला आणि पळाला. उत्तर दिलं नाही. पीठ घातलं. बरणी वसाहतीच्या पैशातली आहे.

रॅकवरची मेणबत्त्यांची खोकी विकायला बाजारपेठेत न्यावी लागतील. दुसऱ्या रस्त्यानं जाईन.

१३ मे

सकाळी भट्टीतून धूर येताना दिसला. धुराड्यातून नाही, खिडकीतून. जाऊन बघितलं नाही. भांडारात बसून राहिले.

उन्हं वर आल्यावर सुतार आला. भुवया जळलेल्या, कोपरापर्यंत पीठ. मागं माळीण, पाय न धुता. काउंटरवर एक काळा गोळा ठेवला.

"जळलाय," मी म्हटलं.

"वरून. आतून कच्चा आहे. सरासरी काढली तर ठीक."

मी हसले नाही. हसू आलंही नाही. गोळा हातात घेऊन बघितला, वजनाला वीट होती. मग पिंपातून एक चकती काढली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"किंमत."

"बाई, हा पाव कुत्रंसुद्धा नाकारेल. पैसे कसले घ्यायचे याचे?"

"दान घ्यायला मी बसलेली नाही. मला येणं आहे. उचला."

त्यानं चकती उचलली. तळहातावर ठेवून उलटीपालटी केली. स्वतःच कापलेली, स्वतःच घासलेली, पण अशी बघत होता जणू कुठून आली ठाऊक नाही. "हिचं आता मी काय करू?"

"उद्या हिचा पाव घ्या."

"उद्या भाजणार कोण?"

"तुम्ही."

माळीण मध्येच म्हणाली, "धाकट्या ताईंना आच विचारून येऊ का, बाई? किती ठेवायची ते?"

मी पाव फडक्यात गुंडाळला. म्हटलं, तुमचे पाय, तुमचा रस्ता, मला विचारायचं कारण नाही. ती गेली. बाजारपेठेच्या दिशेनं गेली, हे मी खिडकीतून बघितलं.

पाव सुरीनं कापवेना. करवत मागितली असती तर सुतारानं आनंदानं दिली असती, म्हणून मागितली नाही. तुकडे पाण्यात भिजवून खाल्ले. मीठ विसरलेत.

कुणालाही माफ केलेलं नाही. तिलाही नाही. हे आज तारीख घालून लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी मलाच शंका यायला नको.

पिंपातली एक चकती कमी झाली. बाकीच्या सगळ्या वसूल करणार आहे.